पालकांच्या बैठकीत बोलायचंय : पाच मिनिटांत काय मागू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिस्टिक. गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पहिलीला घातलाय. स्पीच थेरपी आणि ओटीसाठी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतात ती) जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी केंद्रात जातो. तिथून निरोप आलाय की पुढच्या महिन्यात पालकांची बैठक ठेवली आहे. केंद्रातले डॉक्टर, शिक्षण विभाग, समाजकल्याण, महिला-बालविकास असे सगळे येणार आणि पालकांनी "सेवा सुधारण्यासाठी सूचना" करायच्या. आमच्या गटातून बोलायला मला उभं केलंय. वेळ पाच मिनिटं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशा बैठकीत पालक बोलले आणि नंतर खरंच काही बदललं, असं कुणी पाहिलंय का? आणि पाच मिनिटांत नेमकं काय मागावं? मी लिहायला बसले की नुसती गाऱ्हाणी उतरतात. तारीख लांबची मिळते, दर वेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, उरलेला दिवस रांगेत. नवऱ्याचं म्हणणं, फार बोलू नकोस, उद्या पोराला त्याच लोकांसमोर बसवायचंय. तेही काही चूक म्हणत नाहीत.

घाटमाथा
चहा, बिस्किट, हजेरीपटावर सही, मागे बॅनर घेऊन फोटो. झाला पालकांचा सहभाग. उत्तर आधीच ठरलेलं असतं : "वरिष्ठांना कळवतो."

अंजिरी
+१. बिस्किट साधं असेल तर आशा ठेवू नका. क्रीमचं असेल तर समजा निधी आलाय. :)

आवकजावक
घाटमाथा म्हणतात ते अर्धं खरं. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, म्हणून टेबलाच्या पलीकडून सांगतो. तोंडी बोललेलं राहत नाही. एक पान लिहून न्या, आवक शाखेत द्या, पोच घ्या. बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितोय ते आधी बघून ठेवा आणि त्याची प्रत लेखी मागा. इतिवृत्तात आलं तरच पुढच्या बैठकीत "त्याचं काय झालं" असं विचारता येतं.

दुसरं, प्रत्येक मागणीपुढे ती कुणाच्या अखत्यारीत आहे ते लिहा. रिक्त पद भरणं समोर बसलेल्यांच्या हातात नसतं. वेळापत्रक, केसपेपर, बसायची जागा, नोंदणीची खिडकी हे असतं. समोरच्याच्या सहीने जे होतं ते आधी मागा. पदाचा विषय शेवटी आणि फक्त लेखी.

खडूफळा
मी समावेशित शिक्षणातली (दिव्यांग मुलं साध्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकतात ते) विशेष शिक्षिका आहे, माझ्याकडे बऱ्याच शाळा, फिरतीचं काम. कृष्णाकाठताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर : हो, पाहिलंय.

आमच्याकडे केंद्राची नाव नोंदवायची खिडकी दहाला बंद व्हायची. लांबच्या गावांची पहिली एसटी साडेदहाला पोचायची. हे आत कुणाला माहीतच नव्हतं, कारण आतलं कुणी त्या एसटीने येत नाही. पालकांनी नीट मांडलं आणि लांबच्यांना अकरानंतरच्या वेळा मिळायला लागल्या. एक रुपया खर्च झाला नाही. दुसरा बदल वहीचा. आता मुलाबरोबर एकच वही फिरते, केंद्रात काय केलं ते थेरपिस्ट लिहितात, वर्गात काय झालं ते मी लिहिते, घरी काय झालं ते घरचे. नवा माणूस आला तर तो आधी वही वाचतो. ही सूचना एका आईचीच होती.

आणि एक गोष्ट, जी पालकांना कुणी सांगतच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शिवाय वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मूल या वंचित गटात आलं. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. रॅम्प, स्वच्छतागृह, वर्गात मदतनीस, गोंगाट सहन न होणाऱ्या पोराला दोन मिनिटं बसायला कोपरा, हे त्या आराखड्यात लिहून घेता येतं. पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा त्या समितीत बसलात तर जास्त हाती लागेल, असं माझं मत.

तुळशीवृंदावन
आमच्या शाळेच्या समितीत बसायला सरपंचांचा भाचा असावं लागतं.

खडूफळा
@तुळशीवृंदावन, :) पण निवड पालकसभेत होते आणि त्या सभेला येतं कोण? पाच-सात माणसं. चार आया ठरवून गेल्या तर भाच्याची पंचाईत होते.

मुलखावेगळी
माझी तक्रार थोडी वेगळी आहे. माझ्या मुलीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक अक्षमता आहे. एडीएचडी नाही. म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला नाही, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नाही, कुठल्याच यादीत नाव नाही. अशा बैठकीचा निरोपही येत नाही. वर्गात बाई म्हणतात लाडावलीय, घरी सगळे म्हणतात मोबाईलमुळे झालंय.

ताई, तुमच्या पाच मिनिटांतलं एक वाक्य आम्हाला द्याल का? बैठकीला बोलवायची यादी दाखल्यावरून करू नका, केसपेपरवरून करा. बस एवढंच.

कृष्णाकाठ
@मुलखावेगळी, देते. आमच्या गटातही तशा दोघीजणी आहेत. त्यांना निरोप आलाच नव्हता, मी सांगितलं.

मांडवीतीर
गोव्यातून लिहितोय. पालकांना सामील करून सेवा सुधारते का, याचं एक उदाहरण आमच्याकडचंच आहे. ‘संगत’ ही इथली संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी मिळून ‘पास’ नावाचा एक अभ्यास झाला. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला. दोन ते नऊ वर्षांची ६५ ऑटिस्टिक मुलं. मूळ पद्धत इंग्लंडातली, तिथे ती तज्ज्ञ थेरपिस्ट वापरतात. इथे तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवलं. पंधरा दिवसांतून एक भेट, अशा बारा भेटी. पालक आणि मूल खेळतात त्याचा छोटा व्हिडिओ काढायचा आणि पालकांबरोबर बसून तो बघायचा. कुठे आपण मुलाच्या मागे लागलो, कुठे थांबलो आणि मूल स्वतःहून वळलं, हे पालकच शोधतात.

पालक मुलाच्या कलाने घेण्याचं प्रमाण वाढलं, मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचंही वाढलं. सगळंच सुधारलं असं मात्र नाही, दोघांचं एकत्र लक्ष टिकण्याच्या वेळेत फायदा दिसला नाही, उलट ती वेळ कमीच भरली. मला त्यातलं आवडलं ते हे की आधी गोव्यातल्या कुटुंबांशी बोलून त्यांचं घर, शेजार, नातेवाईक, रोजचा दिवस समजून घेतला होता आणि मग पद्धत इथल्या मापाची केली. आधी ऐकलं, मग सेवा आखली. आपल्या बैठकांत सेवा आखून झाल्यावर बोलावतात.

रात्रपाळी
मी मुद्दाम वेगळा सूर लावते. मांडवीतीर, अभ्यास चांगला असेल, पण त्या बारा भेटींना घरी बसलं कोण? "कुटुंबाचा सहभाग" म्हणजे आपल्याकडे आई. सकाळी ब्रशिंग (मऊ ब्रशने हातपाय घासणं), दुपारी जॉइंट कॉम्प्रेशन (सांधे दाबणं), संध्याकाळी चित्रकार्डं, रात्री वहीत नोंद. झालं नाही तर पुढच्या वेळी "आई, घरी करून घेत नाही का तुम्ही?" मी रुग्णालयात रात्रपाळी करते. सहभाग वाढवा असं कुणी म्हणालं की मला धडकीच भरते, कारण वाढतं ते माझं काम.

आणि खडूफळाताई, वही चांगलीच आहे. पण ती लिहायची कुणी? परत आईनेच ना?

खडूफळा
मान्य. आमच्याकडे घरच्यांनी रोज लिहायचं नाही असं नंतर ठरलं. वेगळं काही घडलं तरच दोन ओळी.

मांडवीतीर
रात्रपाळी, मुद्दा बिनतोड आहे. एवढंच सांगतो की मुलाच्या कलाने घ्यायचं म्हणजे वेगळा तास काढून धडे घ्यायचे नाहीत. जेवताना, अंघोळीला, जे चाललंय त्यातच. पण ते शिकायला वेळ लागतो आणि तो बाईलाच काढावा लागतो, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निवृत्तमास्तर
मी आजोबा या नात्याने लिहितो. नातू साडेचार वर्षांचा. घरात त्याच्याबरोबर सर्वांत जास्त वेळ मी असतो, त्याला काय आवडत नाही ते मला पाठ. पण केंद्रात मी गेलो की विचारतात, "पालक कुठे आहेत?" अहो, मग मी कोण, वॉचमन?

लहान मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. आमच्या अंगणवाडीत पथक आलं तेव्हा नातू आदल्या रात्रीच्या लग्नाचा बँड ऐकून कोपऱ्यात कान झाकून बसलेला. नोंद झाली : "लाजरा". खरी शंका अंगणवाडीताईंना आली, त्यांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं. माझी सूचना अशी की पथकाच्या कागदावर ताईंसाठी आणि घरच्यांसाठी एकेक रकाना ठेवा. त्या दोघांना जे दिसतं ते पाच मिनिटांत डॉक्टरला कसं दिसणार?

ता. क. घाटमाथा, बैठकांनी काही होत नाही म्हणता, पण १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं, त्यामागे पालकच होते. दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ मध्ये पालकांनी सुरू केलेली. आपल्या बदलापूरची ‘आधार’ही पालकांनीच उभी केलेली. खेटे घालून घालूनच झालं हे सगळं.

घाटमाथा
मास्तर, खेटे घालणारे वेगळे आणि बिस्किट खाऊन घरी जाणारे वेगळे. मी दुसऱ्यांबद्दल बोलत होतो. पण १९९५ चं माहीत नव्हतं, हे मान्य.

शांतताहवी
इथे अजून कुणी म्हटलं नाही म्हणून लिहितो. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, आता नोकरी करतो. धाग्यात आई आहे, आजोबा आहेत, शिक्षिका आहेत. ज्या मुलासाठी सेवा आहे त्याला कोण विचारतंय?

"तो बोलत नाही" हे उत्तर मला चालत नाही. खोल्यांचे फोटो पुढे ठेवा आणि कुठे जायला आवडतं, कुठे नाही ते हात लावून दाखवू द्या. कुठल्या दारापाशी पाय मागे घेतो ते बघा. मी लहानपणी जिथे जायचो तिथे थांबायच्या खोलीत ट्यूबलाइट फडफडायची आणि नंबर पुकारायला लाउडस्पीकर होता. आत जाईपर्यंत मी संपलेला असायचो. मग आत लिहायचे "सहकार्य करत नाही".

आणखी एक. माझ्या थेरपीचं ध्येय वर्षानुवर्षं "नजरेला नजर" होतं. ते ना मला हवं होतं ना आईला. आईला हवं होतं की मी रस्ता ओलांडायला शिकावं. ध्येय ठरवताना तिला विचारलंच नव्हतं. ऑटिझमच्या दाखल्यासाठी जी आयएसएए मोजपट्टी आहे (ऑटिझम किती तीव्र ते मोजणारी भारतीय प्रश्नावली), तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि त्यातले कितीतरी घरच्यांना विचारूनच भरतात. दाखल्यापुरता घरच्यांवर विश्वास, पुढचं ठरवताना नाही.

रात्रपाळी
शांतताहवी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. इकडे १९७५ पासून कायदा आहे की मुलाची शाळेतली योजना ज्या गटाने ठरवायची त्यात पालक सदस्य असतात. पाहुणे नव्हे, सदस्य. राज्य पातळीवरच्या सल्लागार मंडळात बहुमत दिव्यांग व्यक्ती आणि दिव्यांग मुलांच्या पालकांचं असावं लागतं. आमच्या राज्यात तर प्रत्येक शाळा-जिल्ह्याला विशेष शिक्षणाचा पालक सल्लागार गट ठेवावाच लागतो.

घाटमाथा
नाना, तिकडे पालकांना वकील परवडतो. इकडे झेरॉक्सचे पैसे जपून वापरतो आम्ही.

एडिसनकर
तो टोला बरोबर बसला. इथेही ज्याला भांडायला वेळ आणि पैसा आहे त्याच्या मुलाला जास्त मिळतं. आमच्या गटाच्या बैठकीला येणारे बहुतेक मोठ्या पगाराचे. दोन-दोन नोकऱ्या करणारी कुटुंबं दिसतच नाहीत. दुभाषी मागायचा हक्क आहे, तो किती जणांना माहीत असतो?

टेम्सकाठची
इंग्लंडमधलं एक छोटंसं, उचलता येण्याजोगं. २०१४ पासून प्रत्येक स्थानिक प्रशासनाला आपल्या भागातल्या सेवांची यादी जाहीर करावी लागते. त्या यादीबद्दल पालकांनी आणि मुलांनी काय म्हटलं ते, आणि त्यावर प्रशासन काय करणार तेही छापावं लागतं. सेवा सगळीकडे उत्तम आहे असं अजिबात नाही, रांगा इथेही भयंकर आहेत. पण पालक काय म्हणाले ते निदान दडपता येत नाही. केंद्राबाहेर एक फळा लावा, डावीकडे सूचना, उजवीकडे काय केलं किंवा का जमलं नाही.

अंजिरी
फळ्याची डावी बाजू भरली की उजवीकडे "वरिष्ठांना कळवले आहे" असं ऑइलपेंटने लिहून टाकतील.

झोपाळा
मी ओटी थेरपिस्ट आहे, सरकारी केंद्रात कंत्राटी. टेबलाच्या या बाजूचंही ऐका. दुपारपर्यंत एकामागून एक मुलं येतात, मधे पाणी प्यायला वेळ नाही. पालक चिडतात ते माझ्यावर, कारण दिसते मी. मंजुरी देणारा कुणी त्या खोलीत कधी बसलेला नसतो. म्हणून बैठकीत "थेरपिस्ट वेळ देत नाहीत" असं म्हणू नका. "एका थेरपिस्टकडे दिवसाला किती मुलं, ते ठरवून फलकावर लावा" असं म्हणा. तुमचंही काम होईल आणि माझंही.

माझ्या मते मागायला हव्यात दोन गोष्टी. प्रत्येक भेटीची शेवटची दहा मिनिटं घरच्यांशी बोलायला, वेळापत्रकातच धरलेली. आणि शक्य तोवर सहा महिने मूल एकाच थेरपिस्टकडे.

कृष्णाकाठ, तुमच्या मिस्टरांच्या भीतीबद्दल. उघड सूड कुणी घेत नाही, पण "फार बोलतात हो ते" असा शेरा फिरतो, हे नाकारणार नाही. म्हणून एकटीने बोलू नका. अर्जावर गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, कुठल्याच मुलाचं नाव घालू नका.

तुळशीवृंदावन
थोडं अवांतर. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले पाच टक्के दिव्यांगांसाठी असतात ना? आमच्याकडे गेल्या वेळी सरसकट सगळ्यांना पाण्याच्या टाक्या वाटल्या. माझ्या भाच्याला डिस्लेक्सिया. आता तो टाकीत बसून वाचतो की काय कोण जाणे.

आवकजावक
:) अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. तो खर्च ठरायच्या आधी ग्रामसभेत कुणी मागणीच मांडली नाही, तर ग्रामसेवक सर्वांत सोपी खरेदी करतो. तिथे लेखी द्या की तालुक्याला थेरपीला जायचा प्रवासखर्च किंवा शाळेत लागणारं साहित्य हवं.

अबोली
एक राहिलंच. आम्हाला एका खासगी ठिकाणी सांगितलं होतं की घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतो. सासूबाई बिचाऱ्या गप्पच झाल्या. पुढे दुसऱ्या थेरपिस्ट म्हणाल्या, असं काही नसतं, दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही. चित्रकार्डं घरच्या भाषेत मागा, बैठकीत.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. रात्री नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. आता अर्ज असा झालाय. सुरुवातीलाच केंद्राच्या हातातलं : एसटीच्या वेळा धरून नोंदणी, शेवटची दहा मिनिटं घरच्यांशी बोलायला, थांबायच्या खोलीतला लाउडस्पीकर बंद आणि एक शांत कोपरा, मराठी कार्डं, सोबत आलेल्या आजी-आजोबांशीही बोलणं. मग यादी केसपेपरवरून करायचं वाक्य. मग ध्येय ठरवताना घरच्यांचा एक मुद्दा आणि मुलाच्या आवडीचा एक मुद्दा लिहायला जागा. पदांचं शेवटी, लेखी. वहीचं मी मागणार नाही, रात्रपाळींचं पटलं. खडूफळाताई, समितीसाठी पुढच्या पालकसभेत नाव देतेय.

फळ्याची सूचना तोंडी मांडीन. ऑइलपेंटचा धोका पत्करून.

निवृत्तमास्तर
बैठक किती वाजता आहे?

कृष्णाकाठ
दहा वाजता.

अंजिरी
म्हणजे साडेदहाची एसटीवाले सूचना करायलाच मुकणार.

कृष्णाकाठ
अरे देवा. आजच फोन करून अकरा करून घेते.

रात्रपाळी
आणि बैठकीच्या वेळी पोरं कुठे? आमच्याकडे एकदा "मुलांना आणू नये" असं लिहिलं होतं. ज्यांच्या घरी बघायला कुणीच नाही अशाच आया त्यामुळे गळाल्या. त्या फोनमध्ये हेही विचारा.

झोपाळा
आमच्या केंद्रात त्या दिवशी थेरपीची खोली मुलांसाठी उघडी ठेवली होती, दोघीजणी आत थांबलो. मागितलं तर मिळेल.

नवखा_परभणी
धागा पूर्ण वाचला. आमच्या जिल्ह्यात अशी बैठकच कधी झालेली ऐकली नाही. कुणाकडे मागायची?

आवकजावक
अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या. २०१६ च्या कायद्याच्या कलम ७२ खाली जिल्हास्तरीय समिती असते, आणि राष्ट्रीय न्यास कायद्याची स्थानिक समितीही जिल्हाधिकाऱ्यांकडेच असते, तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. या समित्यांच्या मागच्या बैठका कधी झाल्या ते आधी माहिती अधिकारात विचारा. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स जोडून बैठकीची मागणी करा. प्रत दिव्यांग कल्याण आयुक्तांना, पुण्याला. पाच-सहा पालकांच्या सह्या असल्या तर बरं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप टाका, पाठवतो.